गादीवाल्याच्या दुकानातलं सृष्टिसूक्त

त्या सकाळपर्यंत देवाकडे मी कधी काही मागितलं नव्हतं. हे अभिमानानं सांगत नाही, होतं तसं सांगते. तीस वर्षं मी कोल्हापुरात एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं. नवरात्रात अंबाबाईला जायचे, ओटी भरायचे, पण हात जोडताना मन रिकामंच असायचं. श्रद्धा हा आमच्या घरात ह्यांचा प्रांत. माझे यजमान संस्कृतचे शिक्षक. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक छंद धरला होता. आपल्या जुन्या ग्रंथांत विश्वाबद्दल काय काय म्हटलंय, ते शोधून काढायचं, वहीत उतरवायचं आणि देवळांच्या सभागृहांत, ज्येष्ठांच्या मंडळांत जाऊन सांगायचं. ब्रह्मदेवाचा एक दिवस म्हणजे चारशे बत्तीस कोटी वर्षं, हे सांगताना त्यांचा आवाज असा लागायचा, की जणू ते स्वतः तिथे घड्याळ घेऊन बसले होते.

सहा वर्षांपूर्वी राजारामपुरीतल्या अशाच एका व्याख्यानाला मी गेले होते. बोलता बोलता ते म्हणाले, प्रकाशाचा वेग आपल्या ऋषींना अचूक माहीत होता. मला राहवलं नाही. मी उभी राहिले आणि विचारलं, "कुठल्या मूळ वचनात? आणि एकक कुठलं?" भर सभेत, बायकोनं नवऱ्याला. लोक हसले. ह्यांनी कागद चाळले, उत्तर सापडलं नाही. मग कागदांची नीट घडी घालून ते खाली बसले. त्यानंतर त्यांनी एकही व्याख्यान दिलं नाही. बोलावणी आली की म्हणायचे, "आता पुरे." माझा मुद्दा बरोबर होता, आजही आहे. पण बरोबर असण्याचं सुख मला त्या रात्रीपासून कधी लाभलं नाही.

दोन वर्षांनी त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग नळ बंद करणं, मग शेजाऱ्यांची नावं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, तो हळूहळू वाढत जाईल हेही सांगितलं. माझ्या त्या प्रश्नाचा आणि या आजाराचा काही संबंध नाही, हे मला कळतं. तरी रोज त्यांच्या शर्टाची बटणं लावताना ती घडी घातलेली पानं डोळ्यांपुढे यायची. माफी मागायची होती. ते ओळखताहेत तोवर मागू, असं म्हणता म्हणता दिवस चालले होते.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी मी अंघोळ करून बाहेर आले तर दार सताड उघडं. हे नव्हते. चपला नव्हत्या, कोनाड्यातली छत्रीही नव्हती. मी आमची गल्ली पाहिली, बाग पाहिली, रिक्षा स्टॉपवर विचारलं. पोलिसांकडे जाऊन फोटो दिला. दहा वाजून गेले तेव्हा आठवलं, आज शुक्रवार; तब्येत बरी होती तोवर ते दर शुक्रवारी न चुकता देवळात जायचे. रिक्षा करून अंबाबाईच्या देवळात गेले. दर्शनाची रांग, ओवऱ्या, दीपमाळा, सगळं धुंडाळलं. ते तिथेही नव्हते.

मग एका खांबाला टेकून दगडी फरशीवर बसले. पुढे कुठे जायचं, कुणाला विचारायचं, काहीच सुचेना. आयुष्यभर मी एक प्रश्न सुटला नाही तर दुसरी रीत शोधत आले. त्या वेळी दुसरी रीत उरली नव्हती. गाभाऱ्याकडे तोंड करून मी एवढंच म्हणाले, "मला माहीत नाही, आई. आता मला काही माहीत नाही." शोधून दे, असंसुद्धा म्हणायचं राहून गेलं. पण ते वाक्य बोलल्यावर छातीतलं काहीतरी सैल झालं. डोळे मिटून किती वेळ बसले कोण जाणे. मांडीवरच्या पिशवीत फोन वाजला.

"हॅलो, बाई? पेठ वडगावातनं बोलतोय. गादी कारखाना हाय माझा, दस्तगीर म्हनत्यात मला. घाबरू नगासा. तुमचं मालक हितं बसल्यात. च्या प्यालेत, दोन केळी खाल्लीत. या सावकाश, घाई करू नगा."

तो माणूस शांतपणे बोलत राहिला. ह्यांच्या खिशात दवाखान्याची चिठ्ठी होती. नाव इंग्रजीत, तेही डॉक्टरी अक्षरात, पण वर फोन नंबर छापलेला होता. दवाखाना अकराला उघडतो, म्हणून तोवर थांबून त्यानं तिथे फोन केला आणि तिथून माझा नंबर घेतला. म्हणजे मी देवळात बसले नसते तरी फोन आलाच असता. हा हिशेब मला करता येतो. तो मी करून पाहिला आणि तसाच बाजूला ठेवला.

वडगावला पोचले तेव्हा दुपार झाली होती. ह्यांची पहिली नोकरी वडगावच्या हायस्कुलातली, आमच्या लग्नाच्याही आधीची. त्या सकाळी ते त्याच शाळेत तास घ्यायला निघाले होते. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एस.टी.त तिकीट लागत नाही, आणि ह्यांच्याकडे बघून कंडक्टरनंही काही विचारलं नसावं. शाळेच्या वाटेवर त्या गादीवाल्याचं दुकान. दारातूनच मला दिसलं, हे एका नव्या गादीवर मांडी घालून बसले होते. केसांवर, भुवयांवर कापसाचे तंतू. समोर पन्नाशीचा एक दाढीवाला माणूस उकिडवा बसून ऐकत होता. कापूस पिंजायचं मशीन बंद होतं.

मला पाहून तो उठला आणि हळू आवाजात म्हणाला, "सकाळी दुकान उघडाय आल्तो, तवा हे रस्त्याच्या मधी उभं हुतं. ट्रक हॉर्न मारतोय आन् ह्यांना पत्त्याच न्हाय. हाताला धरून आनलं. नाव सांगंनात, गाव सांगंनात. उठून जायाचं म्हनायचं सारखं, तासाला उशीर झाला म्हनायचं. मग मी म्हनलं, मास्तर, तास हितंच घ्या की. मला शिकवा. मी चौथीपातूरच शिकलोय."

आणि ह्यांनी तास घेतला होता. तीन-चार तास. आपलं नाव हरवलेल्या माणसाला वेदातलं सृष्टीच्या उत्पत्तीचं सूक्त तोंडपाठ होतं, अर्थासकट. थांबले की दस्तगीरभाई विचारायचे, "मग फुडं काय झालं?" की हे पुन्हा सुरू. तेवढ्यासाठी त्यांनी आपलं मशीन बंद ठेवलं होतं, गिऱ्हाइकांना उद्या या म्हणून सांगितलं होतं.

मी आत गेले. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, ओळख दिसली नाही. अदबीनं सरकून जागा केली. "बसा बाई. आपण सुरुवातीच्याही आधी काय होतं, ते बघतोय."

मी बसले. ते सांगत होते, त्या वेळी काय होतं हे सांगायला ऋषीला शब्दच सापडत नाहीत. सगळं एकात एक मिसळलेलं, कशाला आकार नाही, आत नाही, बाहेर नाही.

"म्हंजे पिंजलेल्या कापसागत?" दस्तगीरभाईंनी विचारलं.

"अगदी!" हे खुलून हसले. "पण कापूस आहे असं म्हणायलाही कुणी नाही. आणि गंमत बघा, शेवटी ऋषी उत्तर देतच नाही. तो विचारतो, हे सगळं कुठून आलं, कुणाला ठाऊक? वर बसलेल्याला तरी ठाऊक असेल का?"

दस्तगीरभाईंनी कानाला हात लावला. "आमच्यात म्हनत्यात, ते वरच्यालाच ठावं. तुमचा ऋषी त्येच्या बी फुडं गेला की!" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, तुमी बी मास्तरीन दिसतायसा. तुमची विद्या काय म्हनती?"

तीस वर्षांत मला इतका सरळ प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी सांगितलं, सुरुवातीला सगळं विश्व अतिशय दाट आणि तप्त होतं, ते पसरत गेलं, निवत गेलं, त्यातून तारे झाले. तिथवर मागे जाता येतं. "आणि त्याच्या आधी?" ह्यांनी विचारलं. "त्याच्या आधीचं आम्हाला माहीत नाही," मी म्हणाले. "तिथे आमचं गणित थांबतं."

ह्यांनी मान डोलावली. मग दस्तगीरभाईंना म्हणाले, "ह्या बाईंना बरंच कळतं."

मला हसू आलं आणि त्यातच रडूही. दस्तगीरभाई पाण्याचा तांब्या घेऊन आले. निघताना मी पर्स उघडली, तर त्यांनी हात जोडले. "तसं नगा करू. मास्तरांनी मला शिकवलंय की आज."

परतीच्या गाडीत मी ह्यांचा हात धरला आणि सहा वर्षं साठलेलं बोलून टाकलं. "त्या दिवशी भर सभेत मी तुम्हाला तसं विचारायला नको होतं." ते खिडकीबाहेरचा ऊस बघत होते. म्हणाले, "कुठल्या दिवशी?" ज्याची क्षमा मागायची, ते त्यांच्यापाशी उरलंच नव्हतं. ओझं फक्त मी वाहत होते.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या वह्या माळ्यावरून खाली काढल्या, त्यांना वाचून दाखवायला. त्या व्याख्यानाची वही सापडली. प्रकाशाच्या वेगाचं पान तांबड्या शाईनं आडवं खोडलेलं होतं. समासात त्यांच्या सुबक अक्षरात तीन ओळी होत्या. "हिचं बरोबर आहे. महिनाभर शोधलं, मुळात आधार नाही. सापडेपर्यंत व्याख्यान देणे नाही." मी ते पान कितीदा वाचलं, सांगता येणार नाही. दुखावला गेलेला माणूस म्हणून ज्यांच्याकडे मी सहा वर्षं पाहत होते, ते गप्पपणे खरं शोधत बसले होते. मी कधी विचारलंच नव्हतं.

त्या सूक्तात विज्ञान आहे का, असं आता मला कुणी विचारलं तर मी सांगते, आकडे मला सापडले नाहीत. पण इतक्या प्राचीन काळी कुणीतरी आकाशाकडे पाहून, उत्तर येत नाही हे कबूल केलं आणि त्या कबुलीलाच मंत्र मानलं. माझ्या विद्येचा पायाही तोच आहे. आणि बहुधा भक्तीचाही. देवळात त्या फरशीवर माझ्या तोंडून जे निघालं, ती माझी पहिली प्रार्थना होती, हे मला फार उशिरा कळलं. रस्त्याच्या मधोमध उभ्या असलेल्या माझ्या माणसाला ज्या हातानं बाजूला घेतलं, तो दस्तगीरभाईंचा होता. त्यामागे आणखी कुणाचा होता का, हे मी ठरवत नाही. दोघांनाही रोज नमस्कार करते.

ह्यांचं विसरणं थांबलेलं नाही. सूक्ताचे शब्दही आता गळायला लागलेत. परवा संध्याकाळी आम्ही गच्चीवर बसलो होतो. पश्चिमेला शुक्र लखलखत होता. ह्यांनी बोट दाखवून विचारलं, "हे कुणी केलं?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

त्यांनी समाधानानं मान हलवली. "मलाही नाही," ते म्हणाले आणि शाल माझ्या खांद्यावर ओढली. "बसू या जरा."