वरचा साचा नांदेडला, खालचा लातूरला

“तोंड मिटा. आता खालचा जबडा पुढं. अजून. हां, बास!”

लग्न असो की मयत, समोरच्याच्या हनुवटीला बोट लावून एवढं म्हटल्याशिवाय या माणसाला अन्न गोड लागत नसे. उदगीरला आमच्या मेडिकलच्या वर त्याचा दातांचा दवाखाना होता. तुम्हीही असली माणसं पाहिली असतील. अक्कल मूठभर आणि तोरा पोतंभर. मला तो पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको वाटायचा. आता तो नाही, म्हणून मी काही गोड बोलणार नाही.

दात काढणं, दाढ भरणं ही त्याच्या मते हलकी कामं. त्याला घोरणाऱ्यांची कवळी करायची होती. झोपेत घसा मिटून ज्यांचा श्वास अडकतो, त्यांनी ती दातांवर बसवून झोपायचं. खालचा जबडा पुढं राहतो आणि वाट मोकळी होते. बाजारात असल्या कवळ्या होत्याच. “कचरा आहे सगळा,” तो मला म्हणायचा. “अक्का, माझी बघा आणि मग बोला.” बोलायला तो कुणाला देत होता, तेवढं मात्र विचारू नका.

उदगीर जिल्हा व्हावा म्हणून मोर्चे निघत होते, तेव्हा यानं घाईघाईनं बोर्ड रंगवून घेतला, ‘जिल्हा उदगीर’. उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग! जिल्हा अजून झालेला नाही. नव्या जिल्ह्याचा पहिला शोध म्हणून आपली कवळी मांडायची, असं त्याचं ठरलेलं. एका सभेत भाषणाला उठला तो कवळी तोंडात ठेवूनच. एक अक्षर कुणाला कळलं नाही. टाळ्या पडल्या, पण त्या तो खाली बसला म्हणून.

मी त्याच्या दारात गेले ती दादासाठी. माझा हा थोरला भाऊ पाण्याचा टँकर चालवायचा. दुष्काळात गावोगावच्या खेपा, आणि हा स्टिअरिंगवर डुलक्या घ्यायचा. एकदा देगलूर रस्त्याला टँकर बाभळीत घातला. लातूरच्या डॉक्टरनं झोपेत श्वास थांबतोय म्हणून सांगितलं आणि नाकावर लावायची मशीन दिली. दादा म्हणाला, “बैलाला मुसकं बांधल्यागत होतंय. मला न्हाई जमत.” शिवाय लाईटचाही भरवसा नव्हता. आज बाभूळ होती, उद्या तिथं लेकरू असलं तर? त्या भीतीनं मी जिना चढले.

पहिली कवळी दिली ती दिवसा पाण्यात बुडवून ठेवायची होती. नळाला आठवडा आठवडा पाणी नाही, आणि वहिनी चांगलं पाणी असल्या कामाला द्यायला तयार नाही. दादानं कवळी टँकरमध्ये काचेजवळ ठेवून दिली. उन्हानं ती वाकडी झाली.

“अडाणी लोक!” डॉक्टर माझ्यावरच भडकला. “गाढवाला गुळाची चव काय!”

मी सोडते होय? “डॉक्टरसाहेब, लोकाला प्यायला पाणी न्हाई, अन् तुमची कवळी रोज आंघोळ करून राहिली!”

त्यानं ती वाकडी कवळी ठेवून घेतली. दया आली म्हणून नव्हे. आपल्या शोधात खोट निघाली, हे त्याला सोसेना. मग महिनेच्या महिने खपून त्यानं दोन भागांची नवी कवळी काढली. कोरडी ठेवा, उन्हात ठेवा, वाकत नाही. प्रत्येक नमुना आधी स्वतःच्या तोंडात, मग दादाच्या. दादा आला नाही, तर हा टँकर भरायच्या जागी जाऊन चारचौघांत त्याचा जबडा उघडायचा. वर पुन्हा त्यालाच दरडावायचा.

खोटं कशाला बोलू, कवळी बसली. दादा झोपायला लागला आणि दिवसा जागा राहायला लागला. वहिनी पेढे घेऊन गेली, तर म्हणाला, “पेढे राहू द्या. उन्हात ठेवता ना, ते सांगा.”

पण कुणी आपला शोध चोरेल, या भीतीनं त्याचा जीव जायचा. वरचा साचा नांदेडच्या कारागिराकडं, खालचा लातूरच्या. दोघांना एकमेकांचं नावही माहीत नाही. मधला सांधा हा स्वतः दार लावून जोडायचा. मी म्हटलं, एखाद्याला शिकवून ठेवा.

“शिकवू? अन् उद्या त्यानं त्यावर स्वतःचं नाव लावलं म्हणजे?”

असा कोत्या मनाचा माणूस!

दिवाळीनंतर एका सकाळी चहा पिता पिता गेला. मेल्या म्हशीला मणभर दूध, तसं जो तो देवमाणूस, देवमाणूस म्हणत होता.

यंदा दादाच्या कवळीचा सांधा तुटला. डॉक्टरच्या बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, “मला काय ठाऊक अक्का? माझ्याशी तरी कुठं बोलायचे?” मग दवाखान्यातल्या जुन्या पावत्यांवरून पत्ते काढून नांदेडचा आणि लातूरचा, दोघे कारागीर मी आमच्या दुकानात आणून बसवले. एकानं वरचं हातात घेतलं, दुसऱ्यानं खालचं. जबडा नेमका किती पुढं आणि किती कलता धरायचा, ते दोघांनाही माहीत नाही. केली त्यांनी एक, दिसायला अगदी तशीच. दादानं घटकाभरात काढून ठेवली. “जबडा फुटून राहिला गं.” हैदराबादहून दुसरी आणली, तिचीही तीच गत.

टँकरची किल्ली वहिनीनं लपवून ठेवलीय. दादा दुपारी दुकानात औषधांच्या खोक्यांमागं आडवा होतो. घोरत असतो आणि मध्येच आवाज बंद पडतो. समोर गिऱ्हाईक डोकेदुखीची गोळी मागत असतं, पण माझे कान मागं लागलेले. मेल्या, चार शब्द सांगून गेला असतास, तर तुझं काय झिजलं असतं? नाव तुझंच लावलं असतं रे आम्ही!

मी जाऊन दादाला गदागदा हलवते. तो हिसका देऊन श्वास घेतो आणि डोळे किलकिले करतो.

“काय गं,” म्हणतो, “झोपू दे की जरा.”