पहिल्या हाकेची ओ

आमच्या गावात पहिल्या हाकेला कोणी ओ देत नसे. माणूस दोनदा हाक मारतो, जंगल एकदाच मारते, आणि त्या हाकेला ओ दिली की तो माणूस जंगलाचा झाला. अड्याळच्या बाजारातही आम्ही दुसऱ्या हाकेशिवाय मान वळवत नसू. लोक हसायचे, बहिऱ्यांचं गाव म्हणायचे.

ते गाव आता वाघांच्या पार्कात गेलं. आधी तिथं बंदुका घेऊन साहेब यायचे, मग नकाशे घेऊन आले, आणि शेवटी आम्हाला उठवून पवनीकडे नेऊन बसवलं. आता मी त्याच पार्कात गाईड आहे. जिथं जन्मले ती जागा पर्यटकांना चितळांचं कुरण म्हणून दाखवते. पोट आहे, काय करता!

बाबा नव्या गावात वर्षभरही टिकले नाहीत. ते गेल्यावर आई मागेच लागली, "एक डाव आपलं गाव दाखव मले." मी टाळत राहिले. तिचा जीव तिकडेच अडकला तर मला आणि माझ्या लेकीला कोण उरणार, ही भीती. शेवटी तिकीट काढून तिला जिप्सीत बसवलं. स्वतःच्या गावाला तिकीट! असा संताप आला होता.

आमच्या अंगणातलं मोहाचं झाड अजून उभं आहे. त्याच्यासमोर गाडी थांबवली. खाली उतरायची परवानगी नाही. चांगलं ऊन पडलं होतं, तरी एक पाखरू बोलेना. तेवढ्यात गवतातून हाक आली, "अवो!"

बाबांचा आवाज. ड्रायव्हर आमच्याच गावचा. त्यानं मान वळवली नाही. मी आईचा हात दाबला. "आई, थांब. दुसरी येऊ दे."

"कायले थांबू? ते बोलावून राहिले ना!" आई हसली, पदर सारखा केला आणि मोठ्यानं म्हणाली, "आली जी!"

धान कापणीला यायच्या आत आई गेली. ताप नाही, दुखणं नाही.

काल नागपूरचे पाहुणे होते. वाघ कुठाय, वाघ कुठाय, नुसता कलकलाट. मोहाजवळ मी त्यांना गप्प केलं. आणि गवतातून आलं, "अवं बाई!"

मला अशी फक्त आईच हाक मारायची. पाहुणे चितळांचे फोटो काढण्यात गुंग. तोच ड्रायव्हर हळूच म्हणाला, "ताई, दुसरीची वाट पाय." मी ओढणीचा बोळा तोंडात धरून थांबले. लेक घरी वाट पाहत असेल, हे मनात घोकत राहिले. दुसरी हाक येईना. माय वो, किती थांबावं माणसानं!

"आई, अजून एक डाव मार ना वो," मी बोलून गेले.

ड्रायव्हरनं झटकन माझ्याकडे पाहिलं. "ताई," तो म्हणाला, "हे ओच झाली ना."

त्यानं गाडी सुरू केली.