एका सेलसाठी

माझ्या बायकोच्या मामांच्या घरात शिरलेली वस्तू मरायचा हक्कच गमावून बसते. त्यात त्यांचा कॉम्प्युटर तर आठवा चिरंजीव. शहाडच्या दोन खोल्यांत तो गेली वीसेक वर्षं सुखाने नांदतोय. तेवढ्या काळात आमच्या माजिवड्याच्या घरी पाच लॅपटॉप आले आणि गेले, हे मामा दर भेटीत चहा हातात पडायच्या आत ऐकवतात. "जावईबापू, झाकण लावून ठेवलेला गरम भात आंबतो. मशीनचंही तेच. त्याला हवा लागते, हवा!" म्हणून भिंत आणि कॅबिनेट यांच्यात वीतभर जागा मोकळी हवीच. ती मामा स्वतःची वीत घालून अधूनमधून मोजतात. मामींनी एकदा तिथे कांद्याची टोपली सरकवली, तर दोन दिवस अबोला! "मला काही या घरात कधी वीतभर जागा मिळाली नाही," मामी मला म्हणाल्या, "त्याला मात्र मिळाली."

रविवारी सकाळी त्याचं अभ्यंगस्नान. प्लग काढायचा, झाकण उघडायचं आणि मऊ ब्रशने कानाकोपऱ्यातली धूळ झाडायची, तीही आतल्या पंख्याचं पातं बोटाने धरून, कारण "मोकाट फिरलं की बिघडतं". तेवढा वेळ घरात फोडणी बंद. तेलकट धूर आत गेला तर धूळ चिकटून बसते म्हणे. त्यामुळे त्या घरात रविवारी इडली. आणि रोज काम संपलं की मामा कॅबिनेटला पालथा हात लावून बघतात, पोराचा ताप बघावा तसा. "गरम नाही. चालेल अजून," असं म्हटल्याशिवाय ते त्याला बंद करत नाहीत. बदललेले सगळे भाग बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवलेत. दसऱ्याला ते पाटावर मांडून मेलेल्या पॉवर सप्लायलाही झेंडूचं फूल वाहतात. "सगळंच बदललंत, मग यातलं जुनं उरलं काय?" मी एकदा शहाणपणा केला. "तुमच्या दोन दाढा खोट्या, चष्मा तिसरा," मामा शांतपणे म्हणाले. "मग माझ्या भाचीने लग्न नक्की कोणाशी केलं?"

गेल्या वर्षी तो पठ्ठ्या कॉम्प्युटर रोज सकाळी तारीख विसरायला लागला. मला आतून आनंदच झाला. "मामा, गेला हा. आता तरी भंगारात द्या." मामांनी तारीख लक्षात ठेवणारा आतला नाण्याएवढा सेल काढला, नवा बसवला आणि माझ्याकडे पाहिलं. "एका सेलसाठी कोणी घरचं माणूस टाकतं का, जावईबापू?"

यंदा मामाच जिन्यात चक्कर येऊन पडले. डॉक्टर म्हणाले, हृदयाचे ठोके मध्येच थांबतात, पेसमेकर बसवायलाच हवा, नाहीतर पुढची चक्कर शेवटची ठरेल. मामांचा साफ नकार. "माणूस उघडायचा नसतो. चाललं तेवढं चाललं." मामींनी रडून पाहिलं, रागावून पाहिलं, शेवटी मला फोन केला. मी धावत कल्याणच्या हॉस्पिटलात गेलो. फार घाबरलो होतो, आणि घाबरलो की मी ओरडतो. "काय असतं हो त्या पेसमेकरमध्ये? सेलच ना? मग एका सेलसाठी घरचं माणूस टाकायचं का आम्ही?"

मामांनी मामींकडे पाहिलं. मग घसा खाकरला. "वॉरंटी किती वर्षांची आहे, तेवढं विचारून या."

ऑपरेशन झाल्यावर आम्हाला आत सोडलं. मामांचा चेहरा एवढासा झाला होता, डोळे मिटलेले. अख्खा जन्म वस्तूंना जपणारा हा माणूस स्वतः असा पडला होता. काय करावं सुचेना, म्हणून मी त्यांच्या कपाळाला पालथा हात लावला.

"गरम आहे का रे?" मामांनी डोळे न उघडताच विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते मला 'रे' म्हणाले.

"नाही, मामा."

माझ्या मागे उभ्या असलेल्या मामींनी पदराने डोळे पुसले.

"मग चालेल अजून," त्या म्हणाल्या.