मुळाले खाली कसं समजते?

माझ्या मामेबहिणीइतके प्रश्न विचारणारा प्राणी यवतमाळ जिल्ह्यात आजवर झालेला नाही, आणि पुढेही होऊ नये अशी तिच्या मास्तरांची मनापासून इच्छा होती. घाटंजीजवळ मामाचं कपाशीचं वावर आहे. तिथल्या कडुलिंबाला ही पोरगी गुडघे अडकवून उलटी लटकायची आणि मला खालून तांब्या धरायला लावायची. उलट्या माणसाच्या पोटात पाणी वर चढतं का, हे तिला पाहायचं असे. पाणी चढायचं, पण निम्मं नाकातून परत यायचं, आणि बोलणी मात्र मला बसायची, कारण मी वयानं मोठा.

एकदा सरकी पेरताना तिनं विचारलं, "दादा, दाणा कसाही पडला तरी मूळ खालीच जाते. त्याले खाली कुठं आहे हे कसं समजते?" मी अडाणीपणानं 'सवय' म्हणून मोकळा झालो. तिनं डब्यांत सरकी लावली, तोंडांना फडकी बांधली आणि डबे स्वयंपाकघरात चुलीवर उलटे टांगले. मामीच्या वरणात आठवडाभर माती पडत होती. याच प्रश्नापायी ती यवतमाळच्या कॉलेजात गेली, मग बंगळुरूच्या प्रयोगशाळेत, आणि मुळांची मोठी शास्त्रज्ञ झाली. एक दिवस फोन आला, अंतराळवीर म्हणून तिची निवड झाली होती. "जिथं खालीच नाही, तिथं मूळ काय करन? जाऊन पाहाच लागते," हे तिनं कळंबला दर्शनाला निघाल्यासारखं सांगितलं. सरावात गरगर फिरवणाऱ्या यंत्रातून भलेभले वैमानिक ओकत उतरले म्हणे. हिनं उतरल्या उतरल्या विचारलं, हे उलटं फिरतं का?

मामी मात्र प्रश्न विचारत नाही. निघालेल्या माणसाला 'कुठं' विचारायचं नाही, आणि चुकून विचारलंच तर त्यानं परत आत येऊन, बसून, पाणी पिऊन मग निघायचं, असा आमच्याकडचा नियम. शाळेपासून परदेशापर्यंत मामीनं लेकीच्या हातावर दहीसाखर ठेवली, पण कुठं म्हणून विचारलं नाही. या नियमावर बहीण नेहमी तुटून पडायची. यात विज्ञान काय, ते सांगा म्हणायची.

उड्डाणाआधी ती शेवटची घरी आली. मामीनं मला बाजूला घेऊन विचारलं, "ते वापस येईन न रे?" मी हो म्हणालो, पुन्हा तसाच अडाणीपणानं. बहिणीनं उंबरा ओलांडला, बूट चढवले, आणि मागून मामी म्हणाली, "कुठी चालली वं?"

आता विज्ञानावर भाषण होणार म्हणून मी मान खाली घातली. पण तिनं बूट काढले, आत आली, मामीला खेटून जमिनीवर बसली. तांब्यातलं पाणी घोट घोट प्यायली, इतक्या सावकाश की तिला न्यायला आलेल्या गाडीचा ड्रायव्हर दोनदा डोकावून गेला. "अजून घे," मामी म्हणाली. तिनं अजून घेतलं, आणि काहीही विचारलं नाही.

आता ती वर आहे, सरकीचे दाणे घेऊन. मला तिच्या प्रश्नांची फार आठवण येते. मामी रोज सकाळी तो तांब्या ताज्या पाण्यानं भरून दाराशी ठेवते, आणि त्याला मला हात लावू देत नाही.