काकूने न पाहिलेली कुस्ती

आमच्या गावच्या जत्रेत बायका आखाड्याकडे जात नाहीत. का, ते कुणी सांगत नाही. मी लहानपणापासून वडिलांच्या चळवळीच्या पत्रकांना घड्या घालत वाढले. कारण न देता लावलेला नियम दिसला की माझं डोकं फिरतं. यंदा तर माझ्या चुलत बहिणीचीच कुस्ती लागली होती. मुलीने लढलेलं चालतं, आणि तिच्या आईने बघितलेलं चालत नाही! मी काकूला हात धरून ओढलं. ती जागची हलली नाही.

"तू जा. तू शूटिंगवाली, तुला कोन काय म्हनत न्हाई. मला घरी दाव. बघितल्याबिगर मी व्हय म्हननार न्हाई."

हे 'व्हय' मोठं होतं. बहिणीला कर्जतला मुलींच्या तालमीत राहून शिकायचं होतं. काका म्हणाले होते, "तुझ्या आईला विचार." आणि काकूने तिला लढताना एकदाही पाहिलं नव्हतं.

मी पहिल्या रांगेत जाऊन बसले. मागून एक म्हातारबाबा म्हणाले, "पोरी, कुस्ती बघाया आलीस का आमचे फोटू काढाया?"

"तुमचाबी काढते बाबा, मिशीला जरा पीळ द्या."

रांगच हसली. मग हलगी कडाडली आणि मी फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं. बहिणीने समोरच्या मुलीला बराच वेळ झुंजवलं, एकदम खाली घेतलं आणि चितपट केलं. मी आनंदाने उडी मारली. फोन हातातून सुटला, मातीवर आपटला आणि बंद पडला.

परत चालू केला, तर फाईल होती, पण उघडेना. मोबाईलच्या दुकानदाराने दोनदा बोट मारलं आणि म्हणाला, "डिलीट करा ताई, तेवढीच जागा होईल." मी पेटलेच. फाईल जागा अडवून बसली होती, म्हणजे तिच्यात काहीतरी होतंच!

घरी लॅपटॉपवर वाचून काढलं. फोन चित्र लिहीत जातो, पण कुठे काय आहे याची यादी रेकॉर्डिंग थांबवल्यावर करतो. माझी यादी राहून गेली होती. दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरला त्याच फोनचा, त्याच सेटिंगवरचा एक धड व्हिडिओ द्यायचा. तो बघून ते मोडकी फाईल जुळवतं.

मी फोनमधला एक जुना व्हिडिओ दिला. पडद्यावर नुसते हिरवे-जांभळे चौकोन आले.

"ह्यात मी कुठली?" बहिणीने विचारलं.

"हिरवी."

ती हसली, पण तिचं तोंड उतरलं होतं. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "अगं, कुस्तीच्या आधी मेमरी फुल झाली म्हनून तू कायतरी दाबत हुतीस."

बरोबर! मी क्वालिटी कमी केली होती आणि नंतर परत वाढवली होती. आता कमी क्वालिटीचा नवा व्हिडिओ हवा होता. समोर काकू भाकरी थापत होती. मी फोन तिच्यावरच धरला.

"माझं काय काढतीस? अवतार बघ माझा!"

"जरा हालत राहा, काकू."

"हालतीयच की! भाकरी काय झोपून थापती का मी?"

ती भाकरी कामाला आली. हलगीचा आवाज लॅपटॉपमधून घरभर घुमला आणि पाठोपाठ चित्र आलं, धड आणि स्वच्छ. बहीण लढत होती. समोरचीची पाठ मातीला लागली, मग गरकन आभाळ दिसलं आणि माझी किंकाळी ऐकू आली. पुढे काही नव्हतं. आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून नाचलो.

काकू पीठ माखल्या हातांनीच पडद्यासमोर बसली. पहिल्यांदा बघून झाल्यावर "परत लाव," एवढंच म्हणाली. तिसऱ्यांदा बघताना तिने माझ्या मांडीवर थाप मारली, "पाडली की गं हिनं!" पाचव्यांदा मात्र तिने चित्र मध्येच थांबवायला लावलं.

"हितं बघ. हितं तुझी मान खाली गेलीया. समोरची हुशार असती तर तुलाच दाबली असती. मास्तर सांगत न्हाईत का?"

"हितं कुठं मास्तर हाय, आई? मास्तर तालमीत."

"मग जा की तालमीत! मान खाली घालून लढतीस व्हय?"

काकूने बोट पुसलं आणि स्वतःच व्हिडिओ पुन्हा सुरू केला.