काट्यावरचा आवाज

दादा गेल्याचं मला शाळेच्या स्टाफरूममध्ये कळलं. फोन वहिनीचा होता. "ताई, हे गेले जी..." एवढंच म्हणाली आणि मग नुसता रस्त्यावरच्या ट्रकांचा आवाज येत राहिला. दुखणं जुनं होतं, शेवट ठाऊक होता, तरी मी तशीच वर्गात गेले आणि फळ्यासमोर काय लिहायला उभी राहिले ते आठवेना. आता काही आठवडे उलटलेत, म्हणून लिहिण्याचा धीर करते आहे.

माझा थोरला भाऊ वाडीत धर्मकाट्यावर होता. मालट्रक काट्यावर चढला की तो खिडकीतल्या माईकवरून वजन खणखणीत सांगायचा, आणि मगच पावती काढायचा. "डायवरनं पयले कानानं आयकाव, मंग कागद पाहाव," हा त्याचा नियम. त्याच्या आवाजावर लोकांचा भरवसा होता. तो आवाज खर्ऱ्यानं, त्या तंबाखू-सुपारीच्या पुड्यांनी खाल्ला. मी किती भांडले त्याच्याशी! पुड्या फेकल्या, अबोला धरला. तो हसून दुसरी पुडी सोडायचा. अजूनही मला त्याचा राग येतो, आणि राग आला की रडू येतं.

घशाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये त्याचं स्वरयंत्र काढलं. तो पाटीवर लिहून बोलू लागला. पण उंच केबिनमध्ये बसलेल्या ड्रायव्हरला पाटी कशी दिसणार? मालक वाईट नव्हते. त्यांनी त्याला मागच्या गोदामात बसायला सांगितलं, खिडकीत दुसरा माणूस शोधू लागले. त्या दिवसांत दादा जेवणाच्या ताटावरून तसाच उठायचा. खिडकी गेली असती, तर तो तेव्हाच संपला असता असं मला अजून वाटतं.

मग त्याला मराठी वाचून दाखवणारा एक प्रोग्राम सापडला. काट्याचा आकडा थेट त्यातून बोलला जावा, मधे माणसाचा हात नको, असं त्याच्या मनात. अडचण एवढीच की त्या प्रोग्रामला नवा रनटाइम लागे. प्रोग्राम ज्या पायावर उभा राहतो त्याला रनटाइम म्हणतात, हे मला दादामुळेच कळलं. आणि काट्याचा कॉम्प्युटर तर जुनाट. त्याची सिस्टीम बदलायचीही सोय नव्हती, कारण काट्याचं वजन कॉम्प्युटरला पोचवणारं कार्ड फक्त त्या जुन्या सिस्टीमलाच ओळखायचं. दादानं जुना रनटाइम काढून नवा घुसवला. झालं! आवाज तर आला नाहीच, काटाही बंद पडला. त्या रविवारी मी तिथंच होते. गाड्यांची रांग अमरावती रोडपर्यंत, हॉर्नवर हॉर्न, मालकांचा चढलेला पारा... दादानं घाम पुसत जुन्या रनटाइमची राखून ठेवलेली प्रत परत टाकली आणि काटा सुरू केला. मी म्हटलं, "जाऊ दे ना आता, दादा." त्यानं पाटी ओढली आणि लिहिलं, "आई आन् तुही वहिनी भांडत, तवा बाबानं काय केलं?"

बाबांनी चुली वेगळ्या केल्या होत्या. मला त्या गोंधळातही हसू फुटलं.

त्यानं तेच केलं. नव्या रनटाइमची अशी एक आवृत्ती हुडकली, जी जुन्या सिस्टीमला अजून नाक मुरडत नव्हती. ती सगळ्या कॉम्प्युटरला न लावता आवाजाच्या प्रोग्रामच्याच फोल्डरमध्ये ठेवली. कमी पडणाऱ्या फायली एकेक करून तिथंच आणून टाकल्या. काट्याचा प्रोग्राम आपल्या जुन्या चुलीवर सुखात राहिला, त्याला शेजारी कोण आलंय याचा पत्ताही लागला नाही. पहिला शब्द दादानं टाइप केला, "जयभीम". स्पीकर बोलला आणि वहिनीनं तोंडाला पदर लावला. आवाज बातम्या देणाऱ्या माणसासारखा, गुळगुळीत. पहिल्याच ट्रकवाल्यानं खिडकीकडे पाहून विचारलं, "काहून गा दादा, आवाज आनाले पुन्याले गेल्ता का?" दादाचे खांदे हसून हसून गदगदत होते. मालकांनी त्याची खुर्ची पुन्हा खिडकीत आणून ठेवली.

त्या आवाजावर दादानं पुढची वर्षं काढली. दुखणं उलटलं तेव्हा त्यानं वहिनीला काटा शिकवला. आता खिडकीत ती बसते.

परवा मी तिच्याकडे गेले होते. दुपार झाली होती, काट्यावर एकही गाडी नव्हती, आणि अचानक स्पीकरमधून त्या गुळगुळीत आवाजात साऱ्या आवारात घुमलं, "जेवली का वं?"

मी दचकले. वहिनी नाही. "शेवटी घरीच पडून राहाची येळ आली, त्याच्या आंदी त्याईनं टाकून देलं यात," ती म्हणाली. "रोज या वक्ताले विचारतेत."

"काढायचं नाही?"

तिनं मानेनंच नाही म्हटलं. बाहेर टपरीवरचे ड्रायव्हर खाली बघून चहा पीत होते. वहिनी स्क्रीनकडे वळून हळूच म्हणाली, "जेवली जी."

डबा तिच्यासमोर तसाच बंद होता.