बुरुजाची ओटी

लग्न होऊन दुधनीहून सोलापुरात आले तेव्हा माझी मराठी बाजारापुरतीच होती. हे गिरणीत टाइमकीपर. भोंग्याबरोबर जायचे, ते दिवे लागायला परत. त्यांना कानडी येई, पण शहरात वाढलेले, बोलायची लाज वाटे. मग मी बोलायचं कुणाशी? भिंतीशीच बोलत होते, खरंच.

आमची खोली किल्ल्याच्या खंदकाजवळ. एका सुटीला यांनी मला किल्ला दाखवला, मास्तरांनी शिकवावा तसा. हा बाहेरचा कोट, हा आतला, एका अंगाला तळं, बाकी खंदक, मग शत्रूनं यायचं कुठून? मी मनात म्हटलं, एवढा बंदोबस्त केल्यावर आतल्या बाईला भेटायला तरी कोण येणार?

पलीकडच्या खोलीत एक म्हातारी धनगरीण एकटी राहायची. सगळे तिला मावशी म्हणत. मला दिवस गेले तसं तिनं बजावलं, "त्या पडक्या बुरुजाकडं जायचं न्हाय. बुरूज हुबा राहीना म्हणून जित्ती बाळंतीण पायात पुरलीय तितं. सुखरूप सुटलीस की सव्वा महिन्यानं ओटी भर आन् मागं न बघता ये."

झालं, नको म्हटल्यावर मी रोज जाऊ लागले. बंदूक रोखायची एक जंगी, म्हणजे भिंतीतलं भोक, तिथं माझ्या तोंडाशी यायची. तिला तोंड लावून मी कानडीत बोलायची. आज भाकरी करपली, आई जाऊन दोन वर्षं झाली, पहिलं बाळंतपण माहेरी करतात म्हणे, पण मला न्यायला कोण येणार. आतल्या बाईलाही माहेरचं कुणी येत नव्हतं. कुणी तरी ऐकतंय एवढं वाटलं की संध्याकाळपर्यंत निभायचं.

सातव्या महिन्यात माझी ओटी भरायला कुणीच आलं नाही. फार वाईट वाटलं. मग मीच खण, नारळ आणि तांदूळ घेऊन बुरुजाशी गेले आणि तिची ओटी भरली. दुधनीत ओटी भरून घेणारी त्यातले पाच दाणे भरणारीला परत देते. ती कुठून देणार? मी आपल्या हातानं उचलले आणि पदराला बांधले.

मागं मावशी उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"मेलेलीचं घेतलंस? आता ती तुजं पोर मागंल की गं."

दोन महिने मी जळत होते. यांना सांगितलं असतं तर हसले असते. दाणे टाकवेनात, ठेववेनात. पोटातलं जरा हललं नाही की रडू यायचं. जंगीकडे जायची हिंमत होईना, त्यामुळे बोलणंही बंद झालं. तेवढं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं.

कळा लागल्या त्या दुपारी. हे गिरणीत, म्हणून भिंतीवर थापा मारल्या आणि मावशी आली. मुलगी झाली, पण रडेना. मावशीनं तिला उलटी धरून पाठीवर चापट्या मारल्या, तोंडात बोट घालून घसा साफ केला, तेव्हा कुठं ती रडली. मग मावशी खालीच बसली आणि ढसाढसा रडू लागली.

"माजी तीन पोरं गेली," ती म्हणाली. "दोन म्हयने, चार म्हयने जगली. दर खेपंला ओटी भरून आलते. मागं वळूनबी बघितलं न्हाय. तरी गेली की."

माझी मराठी तिथवर पोचत नव्हती, आणि कानडीतही मला शब्द सापडला नसता.

सव्वा महिन्यानं मी मुलीला घेऊन बुरुजाकडे निघाले. मावशीही आली, न बोलावता. मी ओटी भरली, पदराची गाठ सोडून जुने दाणे जंगीत ठेवले आणि परत फिरले. मावशी मात्र तिथंच बुरुजाकडे तोंड करून उभी राहिली. मी मागं वळून बघितलं. तिनं जंगीत हात घातला, त्यातले तीन दाणे उचलले आणि स्वतःच्या पदराला गाठ मारली.